माझ्या नावाचा वाटा

नरडाण्याच्या स्टेशनावर गाडी अर्धा तास उशिरा आली, आणि त्या अर्ध्या तासात आबा माझ्याशी एकदाच बोलले. आई पिशवीतली ज्वारी-उडदाची, कळण्याची भाकरी पुन्हा पुन्हा फडक्यात गुंडाळत होती. भाऊ बॅगेच्या चाकांकडे पाहत होता. गाडीचा आवाज आला तेव्हा आबा म्हणाले, "तठे काय खाशी ते सांगत जाय व माय. बाकी बठ्ठं आम्हले समजी जाई."

माझे वडील शेतकरी, बोलण्यात कंजूस. मुलीला करमतं का, तिथले लोक कसे वागतात, असं ते कधी विचारत नसत. त्यांच्या सगळ्या चौकशा जेवणातून यायच्या. मी 'नुसता ब्रेड खाल्ला' म्हटलं की त्यांना कळायचं, आज काहीतरी बिनसलंय.

उत्तर इंग्लंडमधल्या एका शहरात मला ग्रंथालयात काम मिळालं. जुन्या पुस्तकांच्या नोंदी करायच्या, दिवसभर गप्प राहायचं. माझ्या स्वभावाला ते मानवलं. दर रविवारी दुपारी फोन करायचे. आठवड्याचं जेवण सांगून झालं की मी आबांना एखादा इंग्रजी शब्द सांगायचे. ही सवय कशी लागली ते आठवत नाही. त्यांना शब्द आवडतात, हे मात्र मला परदेशी गेल्यावरच कळलं. आधी मी पुस्तकात असायचे आणि ते शेतात, आमची गाठ जेवायच्या पाटावर पडायची.

एका रविवारी मी त्यांना 'मीट' सांगितला. दुकानात पाकिटांवर रोज दिसणारा साधा शब्द. मला वाटायचं, मीट म्हणजे मांस, विषय संपला. एका जाड कोशात वाचलं, की हजार वर्षांपूर्वी या शब्दाचा अर्थ होता अन्न. नुसतं अन्न, कुठलंही. मांसाला तेव्हा वेगळा शब्द होता. देवापुढे ठेवायच्या पिठा-तेलाच्या नैवेद्यालासुद्धा जुन्या इंग्रजी बायबलात मीटच म्हटलंय. मिठाईच्या 'स्वीटमीट' या नावात तो अजून टिकून आहे, आणि अक्रोडाच्या गरालाही काही लोक मीट म्हणतात. पुढे शब्द आक्रसत गेला आणि ताटातल्या एकाच पदार्थापाशी येऊन थांबला.

आबा म्हणाले, "मंग आम्हनं बठ्ठंच मीट शे. कळनानी भाकर बी, मिरचीना ठेचा बी."

मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. इथे बसचा ड्रायव्हर, भाजीवाला, कुणीही अनोळखी माणसाला 'मेट' म्हणतो, आपल्याकडच्या 'गड्या'सारखं. तो शब्द या मीटच्याच घरातला. ज्याचं अन्न आपल्याबरोबर, तो मेट.

"म्हंजे वाटेकरी," आबा म्हणाले. "यामा इंग्रजनं काय नवं शे?"

कोशकारांनी त्यासाठी अर्धं पान खर्च केलं होतं. आबांना एक शब्द पुरला. तो त्यांना पुरणारच होता, कारण वाटे घालणं ही आमच्या गावात त्यांचीच विद्या होती. आषाढात, श्रावण लागायच्या आधी, भाऊबंदकीतली घरं मिळून एक बोकड घ्यायची. खाटीक कापून जायचा. मग आबा पळसाची पानं मांडायचे आणि एकेका पानावर वाटा पडायला लागायचा. तराजू नसायचा. प्रत्येक वाट्यात मांडीचं थोडं, बरगडी थोडी, नळी एक, कलेजीचा तुकडा एक. दोन पावलं मागे सरून ते डोळे बारीक करून बघायचे आणि एखादा तुकडा या पानावरून त्या पानावर ठेवायचे. कुणी कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. आमच्या भाऊबंदकीत बांधावरून वर्षानुवर्षं न बोलणारी माणसं होती. पण आबांनी घातलेला वाटा ती मान खाली घालून उचलायची. पुढे मी मोठमोठ्या सभा पाहिल्या, न्यायाबद्दल भाषणं ऐकली. आबांएवढा न्यायी माणूस मला भेटला नाही, असं मी आज शांतपणे लिहू शकते.

आबा गेले तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसाच्या नूतनीकरणासाठी सरकारी कचेरीत अडकला होता. सगळे विधी मी स्वयंपाकघरात उभी राहून फोनवर पाहिले. तुमच्यातले जे माझ्यासारखे दूर आहेत त्यांना ते चित्र सांगायला नको, आणि जे गावी आहेत त्यांना सांगून कळणार नाही.

आमच्याकडे दुखवटा मामाने काढायचा असतो. तो बोकड आणतो, त्याचे वाटे भाऊबंदकीत घरोघरी जातात, सगळ्या चुली पेटतात, आणि मग दुःखाचं घरही पुन्हा नीट जेवायला लागतं. आईने मामाला नकार दिला. "पोर येवाबिगर मी तोंडले लावाव नही." चार महिने तिने ना सणाचं खाल्लं, ना कुणाच्या लग्नाला गेली. मी फोनवर असतानाच मामा वैतागून आईला म्हणाला, "बाई, तुनी पोर जधळ इमानमा बसी, तधळच आम्ही जेवूत का?" त्याने चिडवायला म्हटलं होतं, पण मला ते लागलं. माझ्या एका कागदापायी आईचं जेवण अडलं होतं. इथे मलाही घास उतरत नव्हता, पण मला त्याबद्दल विचारणारं कुणी नव्हतं.

पासपोर्ट हातात आला त्याच आठवड्यात मी निघाले.

मामाने बोकड आणला. अंगणात पानं मांडली गेली आणि सगळे थबकले. भाऊने दोन-तीन पानांवर हात फिरवला, मग मागे सरला. आई मला म्हणाली, "तू घाल." आमच्यात बाईने वाटे घातलेले नव्हते. मी घरं मोजली, अकरा. अकरा वाटे घालायला मला तासभर लागला. ओळीने बघितले, बरे जमले होते.

तेवढ्यात शेवंता अक्का पातेलं घेऊन आली. गल्लीच्या टोकाला एकटी राहणारी विधवा, आमच्या भाऊबंदकीतली नाही. पानांवर नजर टाकून तिने विचारलं, "पोरना वाटा कोठे शे?"

मला समजेना. आई हळूच म्हणाली, "तू गई तधळपाईन आबा तुना नावना वाटा काढेत. अक्का ली जाये."

इतकी वर्षं दर आषाढात माझा वाटा पानावर पडत होता, आणि फोनवर आबांनी कधी सांगितलं नव्हतं. मी अकरा घरं मोजली आणि स्वतःला धरलं नाही. मला वाटत होतं, मी आता या हिशेबात नाहीच.

बांधावरून न बोलणाऱ्या दोन भाऊबंदांपैकी एकाने आपल्या पानावरची नळी उचलून कोऱ्या पानावर ठेवली. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनीच. मामा म्हणाला, "पाव्हनी इंग्लंडनी शे, तिले बिनहाडनं द्या." आई चार महिन्यांत पहिल्यांदा हसली.

अक्काने पान पातेल्यात रिकामं केलं. "यंदा तू आठे शे. मी रांधी लई येसू," म्हणाली. दुपारी तिने रस्सा आणला, आईला आणि मला शेजारी बसवलं आणि पहिला घास स्वतःच्या हाताने आईच्या तोंडात घातला, दुसरा माझ्या.

घर कुठलं, असं इथे इंग्लंडात कुणी विचारलं की मी पूर्वी गावाचं नाव सांगून नकाशा दाखवायचे. आता उत्तर द्यायला मला वेळ लागतो. आबा नाहीत, वाटे आता भाऊ घालतो, मी इथेच राहणार आहे. पण गेल्या आषाढानंतरच्या रविवारी आईने फोन अक्काकडे दिला. तिने माझी खुशाली विचारली नाही. म्हणाली, "भाऊले सांग, औंदा तुना वाटामा कलेजी कमी व्हती."