शरकीची छाती आणि शरकीचे पाय

शरकी आमच्या जत्रेतल्या घोडेस्वार पथकात आला तो बापाच्या जागेवर. बाप भरधाव घोड्यावर रिकिबीत उभा राहिला की खांब रोवल्यासारखा दिसायचा. लेकाकडे बापाचं खोगीर आलं, बंदूक आली, काळा घोडा आला. पाय तेवढे आले नाहीत. त्याचं अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचं दुकान आहे, आणि दिवसभर तिथे खुर्चीत बसून तो खुर्चीच्याच आकाराचा झाला होता. मी त्याचा मेहुणा. माझी बहीण रकिया त्याला दिली आहे. ओळीत माझा घोडा त्याच्या डाव्या हाताला असतो, म्हणून पुढचं सगळं मी फार जवळून पाहिलं. नको तितकं जवळून.

आमचं काम सांगायला सोपं आहे. घोडे एका ओळीत भरधाव सोडायचे, मुकद्दमने, म्हणजे पथकाच्या म्होरक्याने, आरोळी दिली की रिकिबीत उभं राहायचं, जड बंदुका समोर धरायच्या आणि सगळ्यांनी एकदम बार काढायचा. आवाज एकच आला पाहिजे. पहिल्याच जत्रेत शरकीच्या बंदुकीचं तोंड खाली झुकलं आणि त्याचा बार सगळ्यांच्या मागून उडाला, एकटाच.

"मुंग्या मारतोस काय रे?" मैदानाच्या कठड्यावरून कोणीतरी ओरडलं, आणि आमचा सगळा दुक्काला मुलुख हसला.

रकियाचा खांदा धरला होता तेव्हा ती तालुक्याच्या दवाखान्यात बतूलकडे जायची. बतूल तिथे स्नायूंचे व्यायाम देते. रकियाने तिला नवऱ्याची फजिती सांगितली. बतूल म्हणाली, "हात नाही लटपटत त्यांचे. पाय आणि कंबर लटपटते, आणि सगळा भार हातांवर येतो. पाठवा त्यांना माझ्याकडे."

शरकी भडकला. "घोड्यावर कसं बसायचं हे आता मला बाई शिकवणार?"

तो गेला जिममध्ये. तिथे कासाब्लांकाहून आलेला एक उस्ताद होता, आरशात बघून बोलायचा. त्याने शरकीला वजनं उचलायला लावली, ती फक्त छाती आणि दंडांसाठी. पायांना कोण बघतं? पाय झग्याखाली जातात. घरात उकडलेल्या अंड्यांचा वास भरला. शरकी दारातून जरा आडवा होऊन शिरू लागला. दार तेवढं अरुंद नव्हतं.

आमचा म्हातारा मुकद्दम बा अल्लाल हे बघून थुंकला. "व्यायाम? आमच्या वेळी लोणी खायचो आणि घोड्यावर चढायचो." हे तो म्हणत होता तेव्हा दोघे जण त्याला खालून ढकलून घोड्यावर चढवत होते.

पुढच्या जत्रेत शरकीने पांढरा झगा शिवून घेतला, छातीवर घट्ट. घोडे सुटले. आरोळी व्हायच्या आधीच हा रिकिबीत उभा, बंदूक फळीसारखी सपाट. लोक टाळ्या वाजवू लागले आणि त्याने टाळ्यांकडे मान वळवली. तेवढ्यात मांड्यांनी दगा दिला. धप्पकन तो घोड्याच्या पाठीवर आदळला, घोडा बिथरून माझ्या घोड्यावर आला, बार आभाळात गेला आणि शरकी मातीत. गळपट्टीचं हाड मोडलं.

"घोड्याची पाठच कमकुवत आहे," पडल्या पडल्या तो म्हणाला. "विकून टाकतो."

"घोड्याची पाठ?" धावत आलेली रकिया म्हणाली. "तुला वाहून नेतो तो अजून, हेच नवल आहे!"

हाड जुळल्यावर डॉक्टरने त्याला पाठवलं ते नेमकं बतूलकडेच. ती म्हणाली, "भिंतीला पाठ लावा, गुडघे वाकवा, आणि खुर्ची नसताना बसल्यासारखे थांबा."

शरकी थांबला, थरथरला, आणि भिंतीवरून घसरत जमिनीवर आला.

"ही छाती कुणी दिली हो तुम्हाला, सी शरकी?" बतूलने आदराचं 'सी' लावून विचारलं.

"उस्तादाने."

"मग पाय त्याच्याकडेच राहिले वाटतं."

तेव्हापासून तो घरी दार लावून भिंतीला टेकून बसू लागला. मग एका पायावर उभं राहून वाकणं, मग गुडघे वाकवून दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन तसंच थांबणं. एकदा रकिया स्वयंपाकघरात गेली तर हा भिंतीशी बसून रडत होता. म्हणाला, "बाबा मला घोड्याला हात लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, तू खिडक्याच कर." तिने हे सांगितलं तेव्हा मला त्याची कीव आली. फार टिकली नाही.

कारण पुढच्या वसंतात तो खरोखर उभा राहिला. बंदूक हलली नाही, कंबर हलली नाही, आमचा बार एकच वाजला. तंबूत पुदिन्याचा चहा फिरू लागला आणि शरकीचं तोंड सुटलं. "इच्छाशक्ती लागते, भावांनो. ही पद्धत मी स्वतः शोधून काढली."

रकिया मस्मन, म्हणजे घडीच्या गरम पोळ्या, घेऊन आली होती. सगळ्यांपुढे तिने ताट फिरवलं, नवऱ्यासमोरून तसंच पुढे नेलं. "आणि बतूल काय नुसती भिंत धरून उभी होती?"

बा अल्लालला ऐकू कमी येतं. "बतूल? कुणाची घोडी?"

सगळे हसले. शरकीने माझ्याकडे पाहिलं, मग तोही हसला. "हो हो, एक घोडीच आहे," म्हणाला.

त्या उन्हाळ्यात बा अल्लालची कंबर कायमची गेली आणि शरकी मुकद्दम झाला. तो आता आम्हा सगळ्यांना तबेल्याच्या भिंतीला ओळीने बसवतो आणि समोरून हात मागे बांधून फिरतो. आमचा बार सुधारला आहे. याचाच मला सर्वांत जास्त राग येतो.

रकियाने तंबूतली गोष्ट बतूलला सांगितली. ती रागावलीही नाही. "शिकवू देत. फक्त गुडघे पायाच्या बोटांच्या फार पुढे जाऊ देऊ नका म्हणावं. ते मी त्यांना हजारदा सांगितलंय."

ते शरकी आम्हाला कधीच सांगत नाही. त्यामुळे अर्ध्या पथकाचे गुडघे सुजलेत, आणि बतूलच्या दारातल्या बाकावर आमचे मिशाळ घोडेस्वार मान खाली घालून बसलेले असतात. कुणी ओळखीचं दिसलं की प्रत्येक जण घाईघाईने सांगतो, बायकोला दाखवायला आणलंय.