ग्रीसिंग झालं, असं मी लिहिलं

सध्या माझं पोस्टिंग वरसाव्याला आहे, असं मी सोसायटीतल्या लोकांना थट्टेने सांगतो. घोडबंदर रोडला लागून एक शेड आहे. जीपच्या मागे जोडून डोंगरात, जंगलात न्यायचे कॅम्पिंग ट्रेलर तिथे बनतात, जुने विकलेही जातात. भाईंदर पूर्वेहून निघून सकाळी ०८३० ला मी हजर असतो. बावीस वर्षं फौजेत गाड्यांवर काढली आणि हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. ट्रेलरमधलं मला कळतं असा शेडच्या मालकाचा समज आहे.

गिऱ्हाईक आलं की आधी तंबू उघडून बघतं. मग शेगडी, मग फ्रिज. बायको गादी दाबून बघते. खाली कोणी वाकत नाही. मी म्हणतो, वाका जरा, कंबर मोडणार नाही. चेसीचे वेल्डिंगचे जोड बघा. टायर तुमच्या जीपच्याच मापाचे घ्या, म्हणजे एक स्टेपनी दोघांना चालते. हुक असा हवा की ट्रेलर खड्ड्यात तिरका झाला तरी जीपला पीळ पडणार नाही. आणि नाल्यातून ट्रेलर काढला, तर घरी आल्यावर हब उघडून ग्रीस बदला. हब म्हणजे चाकाचा मधला भाग, बेअरिंग त्यातच असतात. लोक मान डोलवतात आणि पुन्हा फ्रिजकडे वळतात.

गेल्या महिन्यात जवळच्या चेणे गावचे जयेश म्हात्रे आले. त्यांनी एक जुना ट्रेलर पसंत केला होता.

"काका, कलर बगा ना. नवाच हाय."

कलर खरंच झकास होता, आठवड्यापूर्वीच मारलेला. मी गुडघ्यावर बसलो. हबला ग्रीस भरायचं एक बारीक तोंड असतं, त्याला निपल म्हणतात. ते काळ्या रंगाखाली पार बुजलं होतं.

मालक मागून म्हणाला, "हवालदार साब, ओके बोल दो ना. पार्टी को संडे को निकलना है."

असंच बुजलेलं निपल मी पूर्वी एकदा पाहिलं होतं, आणि तेव्हा ओके म्हणणारा मीच होतो.

तेव्हा आमची युनिट उत्तरेच्या डोंगरात होती. मी एमटी हवालदार, म्हणजे गाड्या आणि ट्रेलर माझ्या ताब्यात. सीओ साहेबांचं, म्हणजे युनिटच्या प्रमुखांचं इन्स्पेक्शन ठरलं की फौजेत काय होतं ते सिव्हिलियन माणसाला सांगून पटणार नाही. तीन दिवस सगळे ब्रश घेऊन बसतात. रस्त्याकडेच्या दगडांना चुना, कुंड्यांना गेरू, चाकाच्या नटांना पांढरा, हबला काळा. पाण्याच्या ट्रेलरची चाकं माझ्यासमोर रंगवली गेली. आठवड्यापूर्वी तो एक्सरसाइजमध्ये, म्हणजे युद्धसरावात, नाल्यातून काढला होता, ग्रीस बदलणं बाकी होतं. मी ग्रीसगन लावली तर निपलवर रंग. गन बसेना. खरवडलं असतं तर रंग गेला असता, आणि साहेब सकाळी यायचे होते. इन्स्पेक्शननंतर करू, असं ठरवून लॉगबुकात लिहिलं, "ग्रीसिंग डन". खाली सही केली.

इन्स्पेक्शन उत्तम झालं. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी खूष होतो, हे लिहिताना आता लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी पहाटे हुकूम आला: पाण्याचा ट्रेलर पुढच्या पोस्टवर. ०५४० ला गाडी निघाली. ड्रायव्हर लान्स नाईक दत्तात्रय खरात, खटाव तालुक्यातला. गाडी लाइनीत उभी असतानाच मला हब आठवला होता. थांबवली असती तर अर्धा तास उशीर झाला असता, आणि का झाला ते सांगावं लागलं असतं. मी हात दाखवून गाडी सोडली.

०९१० ला रेडिओ वाजला.

"उस्ताद, ट्रेलरच्या डाव्या चाकातून धूर येतोय. ओव्हर."

"गाडी थांबव. ओव्हर."

"थांबवलीय. चढावर आहे. ग्रीसिंग कधी झालंय? ओव्हर."

अ‍ॅडज्युटंट साहेब, सीओंचे मदतनीस अधिकारी, माझ्या शेजारी उभे होते, ऐकत होते.

"परवाच झालंय. हब ठीक आहे. ब्रेक चिकटला असेल, ढिला कर. ओव्हर."

"रॉजर."

चाक जमिनीवर असताना ब्रेक ढिला करायला खाली आधार लावत नाहीत. हब शाबूत असेल तर लागत नाही. खरात ट्रेलरखाली सरकला. कोरड्या बेअरिंगचा भुगा झाला होता. चाक निसटलं आणि भरलेला ट्रेलर त्याच्यावर बसला. ०९२५ ला रेडिओवर को-ड्रायव्हरचा आवाज आला. तो नुसता खरातचं नाव घेत होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. मी लॉगबुक पुढे केलं. निष्कर्ष निघाला: आधार न लावता गाडीखाली गेला, स्वतःचा निष्काळजीपणा. मी सावधान उभा राहून "यस सर" म्हणालो. त्याच्या घरी सामान पोचवायलाही मीच गेलो. ओसरीवर त्याच्या वडिलांनी विचारलं, "साहेब, पोरगा असा कसा खाली गेला?" मी म्हणालो, "घाईत झालं असेल." त्यांच्या घरी जेवून परत आलो.

वरसाव्याच्या शेडमध्ये मी रंग खरवडला आणि हब उघडला. आत पाणी आणि गंज. मालकाचं तोंड उतरलं.

म्हात्रे म्हणाले, "बरा झाला काका, तुमी बगितला. आमाला कायच म्हायती न्हाय यातला. संडेला घरची सगली येनार होती ना संगती." आणि ते माझ्या पाया पडायला वाकले.

मी मागे सरलो. शिव्या दिल्या असत्या तर ऐकून घेतल्या असत्या, हे सहन होईना. त्याच दुपारी शेडच्या मागे जाऊन खरातच्या बायकोला फोन लावला. दिवाळीला दरवर्षी लावतो, खुशाली विचारतो. या वेळी एका दमात सगळं सांगितलं. रंग, निपल, सही, रेडिओवरचं खोटं.

ती म्हणाली, "मामंजी म्हणायचे, फौजेत जाऊनबी पोरगा धांदरटच राहिला. त्याच रागात गेले ते, दोन वर्षं झाली. दादा, तुम्ही आमच्या ओसरीवर बसला होता. तेव्हाच बोलायचं होतं."

"चुकलं, वहिनी."

"आता मला कशाला सांगताय?" तिने फोन ठेवला.

तिचं बरोबर आहे. मी युनिटला पत्र पाठवलंय, घडलं तसं लिहून. खाली माझं नाव, नंबर आणि पत्ता दिलाय. उत्तर अजून आलेलं नाही. इन्क्वायरीचा कागद कधी बदलेल ते मला माहीत नाही, म्हणून इथेही लिहून ठेवतो. लान्स नाईक दत्तात्रय खरात निष्काळजी नव्हता. गाडीखाली जाण्याआधी त्याने विचारलं होतं. मी खोटं सांगितलं.