सांडलेली वीज

"सांडलेलं उचलणं म्हणजे चोरी असेल, तर आधी अंगणातल्या चिमण्यांना पकड, वहिनी!" धाकटा दीर अंडी उबवायच्या पेटीला पाठ टेकून उभा होता, जणू ती कुणी पळवून नेणार होतं.

"चिमण्या तारेवर बसतात. आकडा नाही टाकत," वहिनी म्हणाली. तपासणीची काठी अजून तिच्या हातातच होती.

"पण तूच नाही का जेवताना सांगितलंस? वीज वाटेत गळतेच. तारा गरम होतात, थोडी त्यातच मुरते, कुणाच्या हाती लागत नाही. मी म्हटलं, वाया जातेच आहे तर आपली अंडी तरी उबतील!"

वहिनीला हसू आलं, ते तिनं गिळलं. वीज कंपनीत गळती शोधणं हेच तिचं काम होतं. डीपीतून गल्लीला वीज किती गेली आणि घरोघरच्या मीटरांत किती पोचली, यातला फरक म्हणजे गळती. ऑफिसात हा शब्द सगळ्यांच्या सोयीचा होता. चोरी म्हटलं की चोर दाखवावा लागतो.

दुपारी गल्ली पेंगत असताना ती एकेका खांबापाशी थांबत आली होती. काठीच्या टोकाचा चिमटा तारेभोवती मिटायचा, मनगटावर बोटं ठेवावीत तसा, आणि यंत्रावर तारेची नाडी उमटायची. अशा वेळी तिला वाटायचं, आपण नदीच्या तळातून चाललो आहोत आणि पाणी डोक्यावरून गुणगुणत चाललंय. आज त्या पाण्याची एक बारीक धार बाजूला वळली होती. झोपेत चालावं तशी ती धारेमागून गेली आणि एका घराच्या मागच्या भिंतीशी थांबली. भिंतीवर साडी वाळत होती. साडीआडून एक वायर आत शिरली होती. साडी ओळखीची आहे, हे तिला जरा उशिराच कळलं. तिचीच होती.

"अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची," सासूबाई दारातून म्हणाल्या. "तपासणारी तू, घरही तुझं. कोण विचारतंय?"

"म्हणूनच तर! कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतील. नोकरी जाईल माझी."

"मग पिल्लं बाहेर येईपर्यंत तरी थांब. आत्ता वायर काढलीस तर आतल्या आत थिजतील बिचारी."

वहिनी दिराकडे वळली. "घरातल्या प्लगला का नाही लावलीस पेटी?"

तो नखं बघत राहिला. याआधीचे त्याचे सगळे धंदे बुडाले होते. "बिल तू भरतेस," तो शेवटी म्हणाला. "जेवतो तुझं, साबण लावतो तुझा. आता ऊबही तुझ्याकडेच मागू?"

त्यानं पेटीचं झाकण उचललं, एक अंडं काढून बल्बसमोर धरलं. कवच आतून केशरी झालं. आत बारीक लाल तारांचं जाळं पसरलं होतं आणि मधोमध एक काळा ठिपका हलत होता. वहिनी जवळ गेली. बल्बची ऊब तिच्या गालाला लागली. क्षणभर तिला खोली दिसेनाशी झाली. सगळ्या गल्लीच्या तारा दूरदूरून वाहत या एवढ्याशा ठिपक्यापाशी येऊन थांबल्यासारख्या वाटल्या. यंत्रावर असं काही तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"ठेव आत. गार होईल," ती हळूच म्हणाली. त्यानं झाकण लावलं.

मग तिनं काठी कोपऱ्यात उभी केली आणि पदर खोचला.

"उद्या ऑफिस उघडलं की आपल्या घराचं नाव मी स्वतः सांगणार आहे. दंड होईल तो भरू, नोकरीचं काय होईल ते होईल. पेटी आत्ताच माझ्या खोलीत जाईल, आपल्या मीटरवर. माझा पलंग बाहेर काढा, जागा लागेल."