सासूबाईंनी पाहिलेला सिनेमा

शेंगा निम्म्या सोलून झाल्या होत्या, तेवढ्यात ह्यांनी दुपारच्या खेळाची तिकिटं पुढे केली. "आई, चल. तुझ्यावरच काढलाय म्हण ना!"

जुना सिनेमा, पुन्हा लागलेला. नवरा गेलेली बाई एकटीनं शेत कसते, मुलं वाढवते. सासूबाईंनी तेच केलं, फक्त गाणी न म्हणता.

बैल मेल्यावर नायिकेनं जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं. सगळं थिएटर मुसमुसत होतं. हे तर लहान मुलासारखे रडले. मीही देवाचं नाव घेत डोळे पुसले. सासूबाई ताठ बसून.

"ओल्या रानात नांगर घातलाय," त्या म्हणाल्या.

पुढच्या रांगेतून कुणीतरी "शूऽऽ" केलं.

"अहो, आता वर्षभर ढेकळं फोडत बसेल ती," त्यांनी त्याच माणसाला समजावलं.

परत येताना ह्यांचे डोळे लालच. "आई, पुरे झाले कष्ट. तो गृहस्थ शेत कसायला मागतोय ना, त्याला आत्ताच हो म्हणून येतो. तो उद्या लगेच ट्रॅक्टर घालणार आहे."

सासूबाई थांबल्या. चाळीस वर्षं त्या रोज शेतात गेल्या. शेत गेलं तर सकाळी उठून त्यांनी जायचं कुठे, हे मला विचारायचं होतं. धीर झाला नाही.

"उद्या?" म्हणत त्यांनी पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली. आत शेतातली माती. "दाब."

ह्यांनी मुठीत दाबली. घट्ट गोळा झाला. "झाला गोळा. मग?"

"मग रान अजून ओलं आहे. तुझा ट्रॅक्टरवाला आणि सिनेमातली ती बाई, दोघं सारखेच."

"सिनेमाला माती घेऊन आलीस?"

"सकाळी बघायला घेतली होती. तू घाई केलीस." मग चालता चालता म्हणाल्या, "एकदा मीही ओढलाय नांगर. तू बांधावर झोपला होतास. पण माती भुसभुशीत होती."

हे आता वेगळंच रडत होते.

"त्याला काय सांगू मग?"

"तू नको जाऊस. रडशील तिथं."

घरी येऊन मी दिवा लावला. मागायला काही सुचलं नाही, म्हणून नुसते हात जोडले आणि उरलेल्या शेंगा घेतल्या. सासूबाईंनी चपला काढल्याच नव्हत्या. त्या गृहस्थाला नकार कळवायला त्या तशाच गेल्या, आणि तिथून लोहाराकडे, नांगराच्या फाळाला धार लावून आणायला.