कायम उंचीचा डोंगर
खाणीच्या डंपाला, म्हणजे टाकाऊ मातीच्या ढिगाला, मी डोंगर समजलो. सर्व्हेच्या कागदावर त्याची उंची लिहिली आणि पुढे 'कायम' असा शेराही मारला. रोज त्याच मातीने लाल होऊन घरी परतत होतो, तरीसुद्धा.

वायरलेस इंटरनेट जोडत तेव्हा मी गावोगाव फिरायचो. पलीकडच्या टॉवरवरून डंपाच्या माथ्याला घासून येणारा सिग्नल छपरावरच्या डिशने पकडायचा, एवढंच काम. मी पेडण्याचा, आमच्या धारगळला डोंगर आपली जागा धरून असतात.

डिचोलीजवळचं ते घर खाणीवरच्या एका ट्रक ड्रायव्हरचं; काका मूळचे सावंतवाडीकडचे. त्यांच्या बायकोचा आवाज घशाच्या ऑपरेशनात गेलेला, मुलगी कुवेतला नर्स. फोनवर काकी बोलणार कशा? म्हणून हे इंटरनेट. दुपारी पडद्यावर मायलेकी हातवारे करायच्या. जेवलीस का, असं काकी हातानेच विचारायच्या. ती ताट उचलून दाखवायची. पहिल्या दिवशी काकींनी मला चहाबरोबर दोन पोया, कोंड्याचे पाव, खायला घातल्या. मीही काही मोठं केल्यासारख्या खाल्ल्या.

दोन महिन्यांत चित्र अडखळू लागलं. मुलीचा हात वर जायचा आणि तिथंच थिजायचा. मी गेलो, माडाची झावळं तोडायला लावली. पुन्हा गेलो, उंदरांवर खापर फोडून वायर बदलली. तिसऱ्यांदा डिशच नवी लावली आणि ऐटीत म्हटलं, आता बघा. एव्हाना काकींनी अंथरूण धरलं होतं. खाटेवरून त्या काळ्या पडद्याकडे बघत पडायच्या.

चौथ्या खेपेला छपरावरून दिसलं: डिशच्या समोर, जिथं आभाळ हवं तिथं, एक ट्रक मागं मागं येत होता. खाली उतरून काकांना विचारलं.

"तो आमचोच डंप," ते म्हणाले. "सकाळी मीच माती ओततंय थंय."

उंच खांब यायला आठवडा लागला. काकी आदल्याच दिवशी गेल्या होत्या. तरी काकांनी तो चढवायला लावला. चित्र लख्ख आलं. रडणाऱ्या मुलीच्या मागचं घड्याळसुद्धा वाचता येत होतं. काकांनी लॅपटॉप रिकाम्या खाटेकडे वळवला. मी हवामानाचं काहीतरी पुटपुटलो.

"तीन खेपे तुका वर चढताना बघलंय मी," ते म्हणाले. "एकदाय समोर बघूक नाय तू."