उद्घाटनाला न लागलेला आवाज

धाराशिवच्या ज्या ग्रंथालयात मी संगणक सांभाळते, तिथं त्र्याण्णव सालचा भूकंप पाहिलेल्या माणसांच्या मुलाखती जमवलेल्या आहेत. बऱ्याचशा मीच घेतल्या, सास्तूर नि आसपासच्या गावांत घरोघर बसून. त्या मुलाखती वेबसाइटवर कुणालाही ऐकता याव्यात असं ठरलं, तेव्हा मी हरखून गेले होते. काम मात्र बाहेरच्या एका कंपनीला दिलं. "हे तुमच्यानं व्हायचं नाही मॅडम, प्रोफेशनल लोक लागतात," असं आमचे सचिव म्हणाले. मी ते गिळलं.

वेबसाइटची पानं सर्व्हरवर होती. आवाजाच्या फायली मोठ्या, म्हणून त्या शेजारच्या दुसऱ्या यंत्रात, नेटवर्कवरच्या स्टोरेजमध्ये. सर्व्हरमधल्या एका फोल्डरला ते स्टोरेज जोडलं की पानावरचं बटण दाबताच आवाज तिकडून येतो. कंपनीच्या इंजिनिअरनं ती जोडणी हातानं करून दाखवली. चालली.

मी विचारलं, "लाइट जाऊन सर्व्हर परत सुरू झाला, तर हे आपोआप जोडलं जाईल का? तशी काही सोय केलेली दिसत नाही."

इंजिनिअर हसला. सचिव म्हणाले, "तुम्ही हारतुऱ्यांचं बघा हो."

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी लाइट गेली. आमच्याकडं ही काही बातमी नव्हे. थोड्या वेळानं आली, सर्व्हर सुरू झाला, पानं दिसायला लागली. सगळे निश्चिंत.

सास्तूरहून एक मावशी आल्या होत्या. त्यांचे मालक गवंडी. मी त्यांची मुलाखत घेतली नि पुढं काही महिन्यांतच ते गेले. त्यांचाच आवाज पहिल्यांदा लावायचा म्हणून मावशींना मुद्दाम बोलावलं होतं. नवं लुगडं नेसून त्या स्टेजवर खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या. पाहुण्यांनी बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. तरी नाही.

सचिवांनी माइक हातात घेतला. "रेकॉर्डिंग नीट झालेलं दिसत नाही. काय आहे, खेड्यातली माणसं माइक बघून बुजतात, तोंडातल्या तोंडात बोलतात."

लोक हसले. मावशींनी माझ्याकडं बघितलं. "बाई, मालक तर लई बोलले व्हते की!"

माझं डोकं सणकलं. मी स्टेजखालूनच मोठ्यानं म्हणाले, "सर, आवाज चांगला आहे. स्टोरेज जोडलेलं नाही."

"आता नको," माइकवर हात ठेवून ते म्हणाले, आणि सत्कार सुरू केले.

मी सर्व्हरच्या खोलीत गेले. फोल्डर रिकामा होता. मागोमाग इंजिनिअर आला. "हात लावू नका. ती आमची जबाबदारी आहे."

"मग घ्या की जबाबदारी! बाहेर जाऊन सांगा चूक कुणाची ते."

घाईघाईनं त्यानं स्टोरेज जोडलं, पण वेबसाइटला त्या फायली वाचायची परवानगीच नव्हती. "सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाकू, लगेच चालेल," तो म्हणाला. म्हणजे उद्या कुणीही यावं नि गेलेल्या माणसांचे आवाज पुसून टाकावेत! मी त्याला खुर्चीवरून उठवलं. वेबसाइटला फक्त वाचण्यापुरती परवानगी दिली, सर्व्हर सुरू होतानाच जोडणी व्हावी अशी कायमची सोय केली, आणि सर्व्हर बंद करून परत चालू केला. बटण दाबलं. गवंडीबाबा बोलायला लागले.

धावत सभागृहात आले. सचिवांना म्हटलं, "सर, दोनच मिनिटं. लागला आवाज."

"कार्यक्रम संपला मॅडम. लोक जेवायला निघालेत."

मग मी मावशींना वाचनकक्षातल्या संगणकासमोर बसवलं.

"घर सरकारनं दिलं," बाबा सांगत होते, "पन जुन्या घराची दगडं म्या उचलून आनली नि वटा बांधला. वटा माजा हाय."

मध्येच मावशींचाच आवाज आला, "च्या निवतुया, किती बोलताव!" आणि बाबांचा, "थांब गं. सांगू दे की बाईंना."

मावशींनी पदर तोंडाला लावला. "ह्ये पन घेतलंव व्हय?" हसता हसता त्यांना रडू फुटलं. डोळे पुसून म्हणाल्या, "परत लावा."

तेवढ्यात सचिव पाहुण्यांना घेऊन दारावरून निघाले होते. "झालं ना काम? छान!"

मावशी उठून उभ्या राहिल्या. "सायेब, आमचं मानूस तोंडातल्या तोंडात बोलत न्हवतं. या, ऐका."

"हो हो," म्हणत ते पाहुण्यांच्या गाडीकडं गेले.

ग्रंथालयाच्या पुढच्या बैठकीत मी सचिवांना म्हणाले, माइकवर बोललेलं माइकवरच परत घ्या. "किरकोळ गोष्ट आहे, ताणू नका," असं उत्तर मिळालं. त्याच बैठकीत कंपनीच्या अभिनंदनाचा ठराव झाला.

ती जोडणी त्यानंतर एकदाही तुटलेली नाही. सास्तूरला मावशींची नात मोबाइलवर मुलाखत लावते, शेजारपाजारचे ऐकायला जमतात. आमच्या सचिवांनी मात्र अजून एकही मुलाखत ऐकलेली नाही. विचारलं की म्हणतात, "ऐकू की, वेळ मिळाला की."