शेवटच्या बोगद्यातली सोबत

खाणीत तिला सगळे डॉक्टरीण म्हणायचे. ती काही डॉक्टर नव्हती. जमिनीच्या पोटात, कोळशातच कोरून काढलेल्या गॅरेजमध्ये डिझेल गाड्यांची देखभाल करायची. पण पाळी सुरू व्हायच्या आधी ती एकेका गाडीपाशी जायची, धुराचा नमुना घ्यायला धुराच्या तोंडाला रबरी नळी लावायची, इंजिनाच्या कुशीवर तळहात टेकून डोळे मिटायची आणि लाडानं म्हणायची, "हं, घे बरं श्वास." मग काय, नाव पडलं ते पडलंच.

खाली उतरलं की तिला वाटायचं, आपण एका झोपलेल्या प्रचंड जनावराच्या पोटात आलोय. वरच्या पंख्यांनी ढकललेला वारा वाटा शोधत शोधत खाली यायचा आणि कुणाच्या तरी संथ श्वासासारखा अंगावरून जायचा. टोपीवरच्या दिव्याचा उजेड भिंतीवर पडला की कोळसा ओल्या डोळ्यांसारखा चमकायचा. हे पूर्वी रान होतं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून बोगद्यातून चालताना तिला डोक्यावर पानांची सळसळ ऐकू यायची. ही गोष्ट ती फक्त नवऱ्याला सांगायची. तो शिंपी होता; सुईत दोरा ओवता ओवता म्हणायचा, "ऐकू येतंय ना, ऐक. फक्त ठेच लागू देऊ नकोस."

तिच्या ताब्यातल्या गाड्यांत एक म्हैस होती. म्हणजे कोळसा उचलून वाहणारी बुटकी, लांबलचक, काळीकुट्ट गाडी. तिचा धूर बाहेर पडायच्या आधी पाण्याच्या टाकीतून जायचा, म्हणजे ठिणगी असलीच तर तिथंच विझावी. टाकीत पाणी कमी झालं की इंजिन आपोआप बंद पडायचं. पोटभर पाणी प्यायल्याशिवाय जागची हलत नाही, म्हणून ती म्हैस. आणि म्हशीवर बसणारे काका.

काका खाणीतले सर्वांत जुने चालक. मागच्या हिवाळ्यात त्यांची बायको गेली आणि त्यांच्या तोंडाला कुलूपच लागलं. दाढी वाढली, सदऱ्याची बटणं वरखाली. दुखवट्याला गेलेली माणसं त्यांच्यासमोर बसून उगाच हवापाण्याच्या गप्पा मारून परत यायची.

आणि एके दिवशी काका गुळगुळीत दाढी करून, केस भिजवून भांग पाडून कामावर आले. दुसऱ्या दिवशीही तसेच. म्हशीवर चढताना गुणगुणायला लागले. मंडळींना विषयच मिळाला. "म्हातारा कुणाच्या तरी प्रेमात पडलाय!" डॉक्टरीणही हसली. बरं वाटलं तिला.

पण पाळी संपवून परतणारे काका तिला जरा वेगळे दिसायचे. कपाळ दाबून धरलेलं, पाय जड, बोलणं झोपेतल्यासारखं, आणि चेहऱ्यावर मात्र एक गोड, दूरचं हसू. एकदा त्यांचा डबा हातातून निसटला आणि उघडला. निम्मं जेवण तसंच होतं.

"काका, खाल्लं नाहीत?"

"माझ्या वाटणीचं खाल्लं की."

"मग हे कुणाच्या वाटणीचं?"

काकांनी आजूबाजूला पाहिलं. आवाज खाली आणला. "पोरी, कुणाला सांगू नकोस. काकू येते."

काका सांगत गेले. अगदी टोकाच्या बोगद्यात, चढाच्या पायथ्याशी, कोळसा भरून होईतो इंजिन चालू ठेवून थांबावं लागतं. तिथं थोड्या वेळानं शेजारच्या सीटवर ती येऊन बसते. निळं लुगडं, पदर डोक्यावर. बोलत नाही. नुसती हसते. "पहिल्यांदा वाटलं, डोळा लागला असेल. पण रोज येते गं. एवढ्या खोल, अंधारात, शोधत येते."

त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं मशीनवरचा पाय काढला.

"तुला काय वाटतं? भूत?"

"भूत असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "डोकं दुखतं, पाय जड होतात, गोड झोप येते, भास होतात. कार्बन मोनॉक्साइड आहे तो. धुरातला विषारी वायू. पाण्यातून गेला की वास जातो, ठिणगी मरते, पण तो मरत नाही. त्याला रंग नाही, वास नाही."

"मग विचार कसला करतेस? गाडी दुरुस्त कर."

"गाडी दुरुस्त झाली तर काकू यायची नाही. किती दिवसांनी माणूस हसलाय."

शिंप्यानं बराच वेळ हातातल्या कापडाची घडी घातली, उलगडली. मग म्हणाला, "आणि एखाद्या दिवशी ती त्याला बरोबरच घेऊन गेली तर?"



सकाळी गॅरेजमध्ये तिनं म्हैस पुन्हा तपासली. टाकी भरलेली, धुराचा नमुना ठीक. दर वेळी ठीकच यायचा. पण इथं म्हैस रिकाम्या पाठीनं, मोकळ्या वाऱ्यात उभी असायची. धाप लागते ती ओझं घेऊन चढ चढताना. डॉक्टरीण विषारी वायू वाढला की ओरडणारा, प्रत्येक चालकाला मिळतो तसा गॅसमीटर गळ्यात अडकवून शेजारच्या सीटवर जाऊन बसली.

"तिथं नको बसूस," काका पटकन बोलले. मग ओशाळून म्हणाले, "बस. तिला चालेल."

टोकाचा बोगदा अरुंद होता. ताजी हवा आणणारा कापडी नळा फार मागे राहिला होता आणि छताच्या एका खिळ्यावर फाटून लोंबत होता. पुढचा वारा जागच्या जागी साचलेल्या डबक्यासारखा. कोळसा भरला जात होता, म्हैस घुरघुरत होती, दिव्याच्या उजेडात पांढरी वाफ तरंगत होती. डॉक्टरिणीला वाटलं, किती छान आहे इथं. वाफेच्या पडद्यामागे झाडं उभी राहिली, उंचच उंच. पानं हलली. लहानपणी आई न्हाऊ घालून केस पुसायची तसा कुणाचा तरी ऊबदार हात डोक्यावरून फिरला, आणि तिला वाटलं, आता मान खाली टाकावी, जरासंच...

गळ्यातला मीटर किंचाळला.

ती दचकून उठली. हात पुढे करून तिनं इंजिन बंद केलं. आणि त्या एकाएकी पसरलेल्या शांततेत तिला दुसरा आवाज ऐकू आला. दबलेला, गुदमरलेला, सीटच्या खालून येणारा. तिनं हात घातला. लोकरी मफलरच्या वळकटीत काकांचा मीटर जीव तोडून ओरडत होता.

"काका!"

काकांनी मान फिरवली. "तो ओरडायला लागला की ती उठून जाते," ते एवढंच म्हणाले.

तिनं त्यांना दंडाला धरून खाली उतरवलं. कोळसा भरणाऱ्या माणसांनाही हाका मारून बाहेर काढलं. सगळे मोकळ्या वाऱ्याच्या वाटेवर येऊन बसले. कुणी ओकलं, कुणी नुसतं भिंतीला टेकून राहिलं.

"काका, तुमचं तुम्ही बघा, पण ही पोरं?" ती म्हणाली. आवाज चढला होता. "यांच्या बायका अजून घरी आहेत."

काकांनी त्या माणसांकडे एकदा पाहिलं आणि गुडघ्यांत डोकं घातलं.

म्हशीवर 'वापर बंद'ची लाल पाटी लागली. हवा आत घेण्याच्या तोंडाशी आग अडवणारे जाळीचे पत्रे असतात, ते कोळशाच्या भुकटीनं लिंपून गेले होते; हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळतं आणि मोनॉक्साइड वाढतो. तिनं पत्रे काढून धुतले, डिझेल फवारणारी नोझल बदलली, आणि यापुढे प्रत्येक गाडीची तपासणी भरल्या ओझ्यानं, टोकाच्या बोगद्यातच करायची, असं साहेबांकडून कबूल करून घेतलं. नळा नवा बसला. मफलरची गोष्ट मात्र ती बोलली नाही. "ती तुम्ही सांगायची," तिनं काकांना बजावलं. "तुम्ही नाही सांगितलीत तर मला सांगावी लागेल."

काकांनी सांगितली. साहेब रागावले. काकांना दवाखान्यात पाठवलं आणि पुढचे काही महिने वर दिव्यांच्या खोलीत बसवलं. खाली उतरणाऱ्यांना दिवे द्यायचे, वर येणाऱ्यांकडून घ्यायचे. डॉक्टरीण रोज त्यांच्यासमोर उभी राहायची. ते दिवा पुढे करायचे आणि दुसरीकडे बघायचे. ती मुकाट्यानं दिवा घ्यायची. रान आता तिलाही ऐकू येईनासं झालं होतं. कुणास ठाऊक, ती मुद्दामच कान देत नसेल.

उन्हं तापायला लागली तेव्हा एका सुट्टीच्या दुपारी काका तिच्या दारात उभे राहिले. हातात कोट.

"भाऊ, अस्तर उसवलंय," ते तिच्या नवऱ्याला म्हणाले.

शिंप्यानं कोट उलटा केला. "हे कुणी शिवलं होतं? टाके बघा, बेडकासारखे उड्या मारतायत."

"काकूनं."

शिंप्यानं जीभ चावली. पण काका हसायला लागले. आधी नुसतेच, मग खांदे हलवत. "तिला सांगून बघायचं होतंस! तीन दिवस घरात चूल पेटली नसती. शिवण येत नव्हतं आणि सोडतही नव्हती. भांडायला तर एक नंबर. मी घोरतो म्हणून भांडायची, आणि घोरायची स्वतः."

डॉक्टरिणीनं चहा ठेवला. काका बोलतच राहिले. काकू बाजारात कशी हुज्जत घालायची, पावसाळ्यात गुडघ्यांना कशी नावं ठेवायची. बोलता बोलता मध्येच थांबले.

"पोरी, खाली यायची ती कधी भांडली नाही. एका शब्दानं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं, की ही आपली नव्हे."

शिंप्यानं दोरा तोडला. कपातला चहा निवला होता. तिनं पुन्हा गरम केला आणि काकांनी तो बशीत ओतून फुंकर मारत प्यायला.

पुढे दवाखान्यातून चांगला दाखला मिळाला आणि काका म्हशीवर परतले. पहिल्या दिवशी तपासणीसाठी डॉक्टरीण त्यांच्याबरोबर टोकापर्यंत गेली. मीटर काकांच्या छातीवर लटकत होता, शांत. नव्या नळ्यातून गार हवेचा झोत थेट तोंडावर येत होता, डोळ्यांतून पाणी काढणारा. काकांनी कॉलर वर केली.

"छे, काय वारा सुटलाय," ते म्हणाले. "तिला नसता सोसला हा. कान बांधून घेतले असते आणि वर मलाच शिव्या."

"काय म्हणाल्या असत्या?"

काकांनी सांगितलं. त्या शिव्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. डॉक्टरीण इतकी हसली, की कोळसा भरणारे वळून बघायला लागले. मग काकांनी गिअर टाकला आणि म्हैस भरल्या पाठीनं चढ चढायला लागली.